नऊशे युरो आणि पहिले शंभर : सुमित नागलच्या चढणीचे प्रकरण

सप्टेंबर २०२३ मध्ये सुमित नागल हा भारताचा अव्वल एकेरी टेनिसपटू होता, आणि त्याच्या बँक खात्यात ९०० युरो, म्हणजे जेमतेम ऐंशी हजार रुपये होते. ही गोष्ट त्याने स्वतःच पीटीआय या वृत्तसंस्थेला सांगितली. त्या वर्षी तोवर २४ स्पर्धा खेळून त्याने बक्षिसांपोटी सुमारे ६५ लाख रुपये मिळवले होते. वर्षभराचा त्याचा खर्च मात्र ८० लाख ते एक कोटी रुपयांच्या घरात जात होता, आणि तोही सोबत एकच प्रशिक्षक घेऊन, फिजिओ न ठेवता. यानंतर पाच महिन्यांत तो जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात आला आणि जुलै २०२४ मध्ये ६८व्या स्थानावर पोचला.

वर्तमानपत्रांनी या दोन टोकांमधली जी गोष्ट रंगवली ती जिद्दीची होती. जिद्द होतीच, ती नाकारण्याचे कारण नाही. पण जिद्द त्याच्याकडे २०१८ मध्येही होती आणि त्या वर्षी तो क्रमवारीत घसरत होता. माझ्या मते हे प्रकरण आधी हिशेबाचे आहे आणि मग खेळाचे. टेनिसमध्ये पैसे आधी जातात, क्रमवारीचे गुण मागाहून मिळतात, आणि गुणांमागून पैसे येईपर्यंत बराच काळ लोटतो. हा मधला काळ कोणी निभावून न्यायचा, याचे उत्तर ज्याच्याकडे असते त्याचाच खेळ पुरता कसोटीला लागतो. बाकीच्यांचा खेळ कसोटीपर्यंत पोचतच नाही. गोव्यात बसून हरियाणाच्या या मुलाचे प्रकरण तपासावेसे वाटले ते याचसाठी. मिरामारचा गास्पर डायस क्लब असो की फोंडा-म्हापशातली कोर्टे, संध्याकाळी मुलांना आणून सोडणारे आईबाप जो प्रश्न विचारतात, तो बहुधा फोरहँडचा असतो. विचारायला हवा तो दुसराच.

विम्बल्डनपर्यंतची वाट

नागलचा जन्म १६ ऑगस्ट १९९७ चा, हरियाणातल्या झज्जर जिल्ह्यातला. वडील शिक्षक, घरात टेनिसची परंपरा नव्हती आणि पैसाही नव्हता. कुटुंब दिल्लीत नांगलोईला राहायला आले आणि तिथे मुलाच्या हातात रॅकेट आली. महेश भूपतीने अपोलो टायर्सच्या मदतीने २००८ च्या सुमारास एक योजना हाती घेतली होती. २०१८ पर्यंत भारतातून एकेरीचा ग्रँड स्लॅम विजेता घडवायचा, असे तिचे उद्दिष्ट होते. दहा वर्षांच्या आसपासचा नागल त्या निवड चाचणीला गेला आणि गर्दीत आपल्याकडे कोणी पाहत नाही असे दिसताच त्याने सरळ भूपतीचा हात धरून ‘माझा खेळ बघा’ म्हणून सांगितले, अशी आठवण त्याने पुढे सांगितली आहे. त्याची निवड झाली आणि तो बंगळुरूला गेला.

योजना दोन-एक वर्षांतच बंद पडली. उद्दिष्टाची तारीख दहा वर्षांपुढची आणि निधी दोन वर्षांचा, ही आपल्याकडच्या क्रीडा योजनांची नेहमीची तऱ्हा इथेही दिसते. मात्र भूपतीने या मुलाला वाऱ्यावर सोडले नाही. त्याच्या आधाराने नागल आधी कॅनडात आणि मग जर्मनीत शिकला. २०१५ मध्ये व्हिएतनामच्या ली होआंग नाम याच्या साथीने त्याने विम्बल्डनची मुलांची दुहेरी जिंकली आणि कनिष्ठ गटात ग्रँड स्लॅम किताब मिळवणारा तो सहावा भारतीय ठरला. त्या अंतिम सामन्यात समोर अमेरिकेचा रायली ओपेल्का होता, ज्याने त्याच वर्षी मुलांची एकेरीही जिंकली. ओपेल्काची उंची सात फुटांच्या जवळपास, नागलची पाच फूट दहा इंच. पुढे ओपेल्का आपल्या सर्व्हिसच्या बळावर जगातल्या पहिल्या वीस खेळाडूंत पोचला; नागलला प्रत्येक गुणासाठी धावावे लागले. कनिष्ठ गटातला किताब पुढच्या वाटचालीविषयी किती थोडे सांगतो, हे त्या एका सामन्याच्या दोन बाजूंकडे पाहिले तरी कळते.

व्यावसायिक झाल्यानंतरची पहिली वर्षे चढउताराची गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याने बंगळुरूची चॅलेंजर (मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालची) स्पर्धा जिंकली, आणि पुढच्याच वर्षी तो तीनशेच्या पलीकडे घसरला. याच काळातली एक गोष्ट त्याने २०१९ मध्ये सांगितली: कॅनडातली एक स्पर्धा संपवून जर्मनीला परतताना त्याच्या पाकिटात सहा डॉलर उरले होते. २०१७ पासून विराट कोहलीच्या प्रतिष्ठानाची मदत मिळत होती म्हणून आपण टिकलो, असेही त्याने तेव्हा मोकळेपणाने मान्य केले.

२६ ऑगस्ट २०१९ ची रात्र बहुतेकांना आठवत असेल. अमेरिकन ओपनची पात्रता फेरी पार करून आलेल्या, जागतिक क्रमवारीत १९०व्या असलेल्या नागलने पहिल्याच फेरीत रॉजर फेडररकडून पहिला सेट ६-४ असा काढला. पुढचे तीन सेट फेडररने घेतले. गोव्यात त्या वेळी पहाट होत होती, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टवर ज्याला त्याला त्या पहिल्या सेटविषयीच बोलायचे होते. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्या रात्रीचा दुसरा आकडा: पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही तिथे ५८ हजार डॉलर मिळाले. काही आठवड्यांतच त्याने ब्युनॉस आयर्सची चॅलेंजर स्पर्धा जिंकली. दोहोंचा थेट संबंध मी जोडत नाही. पण परतीच्या तिकिटाची चिंता नसलेला खेळाडू निराळा खेळतो, हे या खेळातला कोणीही सांगेल.

२०२० मध्ये अमेरिकन ओपनच्या पहिल्या फेरीत ब्रॅडली क्लानला हरवून त्याने भारतीय पुरुषांची ग्रँड स्लॅम एकेरीतली सात वर्षांची वानवा संपवली. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने डेनिस इस्तोमिनला हरवले. १९९६ च्या अटलांटानंतर ऑलिंपिकमध्ये एकेरीचा सामना जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष. अटलांटाचे ते नाव अर्थातच लिएंडर पेसचे. पेसचे वडील वेस पेस मूळ गोव्याचे, म्हणून आपण त्या कांस्यपदकावर हक्क सांगतो आणि त्यात गैर काही नाही; पण तो वाढला कोलकात्यात आणि घडला मद्रासच्या अमृतराज अकादमीत, हेही त्याच दमात सांगायला हवे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये नागलच्या कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो खेळापासून दूर राहिला. पुरुष टेनिसचा व्यावसायिक दौरा चालवणाऱ्या एटीपी या संघटनेच्या क्रमवारीचे गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. खेळाडू दुखापतीने अंथरुणावर असला तरी पंचांग थांबत नाही. २०२२ च्या मध्यापर्यंत तो पहिल्या पाचशेतूनही बाहेर फेकला गेला. क्रमवारी गेल्यावर सरकारच्या ऑलिंपिक पदक योजनेतले त्याचे नावही गेले. गरज सर्वांत मोठी असते त्याच वेळी मदत काढून घेतली जाते, हे ऐकायला क्रूर वाटते, पण योजना क्रमवारीवर आखली की असेच होणार.

पासष्ट लाख कुठे गेले

या खेळाची रचना ठाऊक नसलेल्या माणसाला ६५ लाख मिळवणारा खेळाडू कफल्लक कसा, हे पटत नाही. गोव्यात तर विशेषच पटत नाही, कारण आपल्याला ठाऊक असलेला व्यावसायिक खेळाडू म्हणजे फुटबॉलपटू. धेंपो किंवा साळगावकरच्या जुन्या खेळाडूला क्लब पगार देई. बूट, प्रवास, मुक्काम, डॉक्टर हे सगळे क्लबचे. टेनिसपटूला क्लब नसतो. तो स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार: प्रशिक्षकाचा पगार त्याने द्यायचा, प्रशिक्षकाचे विमानाचे तिकीटही त्यानेच काढायचे, आणि पहिल्या फेरीत हरला तरी पुढच्या स्पर्धेपर्यंतच्या मुक्कामाचे भाडे त्याच्याच अंगावर.

शिडी अशी आहे. सगळ्यांत खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, एकूण १५ हजार डॉलर बक्षिसांच्या स्पर्धा. तिथे एकेरी जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर मिळतात आणि ३२ जणांच्या मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणाऱ्याला १५६ डॉलर. कर त्यातूनच कापला जातो. म्हणजे विजेतेपद मिळवले तरी प्रशिक्षकासह केलेला आंतरराष्ट्रीय प्रवास जेमतेम सुटतो. त्यावर चॅलेंजर स्पर्धा, त्यावर एटीपीच्या मुख्य स्पर्धा, आणि सर्वांत वर चार ग्रँड स्लॅम. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ जण खेळतात. त्यांतले १०४ थेट क्रमवारीवरून घेतले जातात, १६ पात्रता फेरीतून येतात आणि आठ जणांना वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांच्या मर्जीने थेट प्रवेश मिळतो. क्रमवारीतल्या शंभराव्या स्थानाचे मोल यात आहे. त्या रेषेच्या आत असणाऱ्याला वर्षातून चार वेळा, सामना हरला तरी, मोठी रक्कम ठरलेली असते. रेषेबाहेरच्याला तीन पात्रता सामने जिंकावे लागतात.

नागलच्या २०२३ च्या कमाईतच याचा पुरावा आहे. त्या वर्षी तोवरचा त्याचा सर्वांत मोठा धनादेश होता अमेरिकन ओपनचा, सुमारे १८ लाख रुपयांचा, आणि तिथे तो पात्रतेच्या पहिल्याच फेरीत हरला होता. उलट त्याच वर्षी त्याने दोन चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या होत्या: एप्रिलमध्ये रोम आणि जुलैमध्ये फिनलंडमधले टाम्पेरे. युरोपातल्या लाल मातीवर चॅलेंजर जिंकणारा तो पहिला भारतीय. जिथे इतिहास घडला तिथे कमी पैसे, जिथे हार झाली तिथे जास्त, असा हा बाजार आहे.

जर्मनीतल्या पाइने इथल्या नेन्सेल अकादमीत तो सराव करीत असे. २०२३ चे पहिले तीन महिने पैशांअभावी त्याला तिथे जाता आले नाही. जानेवारी-फेब्रुवारीत माजी टेनिसपटू सोमदेव देववर्मन आणि आणखी एका मित्राने त्याच्या सरावाची सोय केली. महा टेनिस फाउंडेशनची काही मदत आणि इंडियन ऑइलमधल्या नोकरीचा पगार एवढेच त्याचे नियमित उत्पन्न. बक्षिसाचे सगळे पैसे पुन्हा खेळातच जात होते. वर्षाच्या सुरुवातीला खात्यात जेवढे होते तेवढेच आज आहेत, असे तो म्हणाला, त्याचा अर्थ असा. नफा नाही, तोटाही नाही, आणि घरी द्यायला काही नाही. आपल्याकडच्या पर्यटक टॅक्सीवाल्याला गाडीचा हप्ता जूनपासूनच्या रिकाम्या महिन्यांतही भरावा लागतो, तशीच ही कोंडी. फरक एवढाच की टॅक्सीवाल्याला हंगाम कधी सुरू होणार ते माहीत असते.

शंभराखालच्यांची ही अवस्था एकट्या नागलची नाही, हे एटीपीलाही उमगले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये, नागलची मुलाखत येण्याच्या महिनाभर आधी, त्यांनी किमान उत्पन्नाची योजना जाहीर केली: २०२४ पासून पहिल्या शंभरातल्या खेळाडूला वर्षाला किमान तीन लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांना दीड लाख आणि १७६ ते २५० क्रमांकांना ७५ हजार डॉलर. योजना चांगली आहे. पण अडीचशेच्या खाली पुन्हा अंधारच, आणि प्रत्येकाला चढावे लागते ते तिथूनच.

मेलबर्न ते चेन्नई

२०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या वेळी नागल १३७वा होता. डेव्हिस करंडकाच्या पाकिस्तानविरुद्धच्या लढतीत खेळायला त्याने नकार दिला होता आणि अखिल भारतीय टेनिस संघटनेने वाइल्ड कार्डाच्या निवड स्पर्धेसाठी त्याचे नाव पाठवले नाही. कोणाचे बरोबर, यावर वाद होऊ शकतो. देशाच्या संघात खेळणे हे कर्तव्य मानणाऱ्यांची बाजू मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण खर्चाचा जो भाग देश उचलत नाही, त्याच्या मोबदल्यात देश किती मागू शकतो, हा प्रश्न तरीही उरतोच.

तो पात्रतेचे तीन सामने जिंकून आत आला. १६ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या फेरीत त्याच्यासमोर ३१वा मानांकित, क्रमवारीत २७वा असलेला कझाकस्तानचा अलेक्झांडर बब्लिक होता. नागलने ६-४, ६-२, ७-६ असा सरळ सेटमध्ये विजय मिळवला. ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीयाने मानांकित खेळाडूला हरवण्याची ही ३५ वर्षांतली पहिलीच वेळ. याआधी १९८९ मध्ये याच स्पर्धेत रमेश कृष्णनने तेव्हाचा जागतिक क्रमवारीतला अव्वल खेळाडू मॅट्स विलँडर याला नमवले होते. दुसऱ्या फेरीत नागल चीनच्या शांग जुनचेंगकडून चार सेटमध्ये हरला. या स्पर्धेतून त्याच्या पदरात १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर पडले, म्हणजे ९८ लाखांच्या आसपास. एका वर्षाचा अख्खा खर्च एका स्पर्धेत निघाला.

फेब्रुवारीत चेन्नईच्या चॅलेंजर स्पर्धेत अंतिम सामन्यात इटलीच्या लुका नार्डीला ६-१, ६-४ असे हरवून तो ९८व्या स्थानावर आला. २०१९ मधल्या प्रज्ञेश गुणेश्वरननंतर पहिल्या शंभरात आलेला तो पहिला भारतीय पुरुष. एप्रिलमध्ये माँटे कार्लोत त्याने पात्रता पार केली, मुख्य फेरीत मॅटिओ अर्नाल्डीला हरवले, आणि मातीवरच्या मास्टर्स (ग्रँड स्लॅमखालोखालच्या) स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकणारा पहिला भारतीय झाला. जूनमध्ये जर्मनीतली हाइलब्रॉनची चॅलेंजर स्पर्धा त्याने जिंकली. त्यानंतर आला ६८वा क्रमांक.

खेळात नेमके काय बदलले, हे टीव्हीवर पाहून सांगणे धाडसाचे आहे, तरी दोन गोष्टी दिसत होत्या. एक म्हणजे बब्लिकच्या सामन्यात तो दुसऱ्या सर्व्हिसवर बेसलाइनच्या आत पाऊल टाकून चेंडू लवकर घेत होता. बब्लिकसारख्या बेभरवशाच्या, ड्रॉप शॉट आणि अंडरआर्म सर्व्हिस करणाऱ्या खेळाडूला विचार करायला वेळ न देण्याचा तो डाव होता. दुसरी म्हणजे धावणे. उंची कमी असलेल्या खेळाडूला फुकटचे गुण मिळत नाहीत. लाल मातीवर चेंडू थोडा मंदावतो, रॅली लांबते, आणि तिथे त्याचे पाय आणि फोरहँड कामी येतात. त्याने आपला तळ युरोपात ठेवला तो यासाठी. भारतात अशी माती फारशी नाही आणि अशा मातीवर खेळणारे प्रतिस्पर्धी तर त्याहून कमी. तळ जर्मनीत ठेवणे हा त्यामुळे चैनीचा भाग नव्हता, खेळाच्या गरजेचा होता, आणि नेमका तोच सर्वांत महाग पडत होता.

शिखरावरचा काळ लांबला नाही. २०२४ मध्ये फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या तिन्हींत त्याला थेट प्रवेश मिळाला आणि तिन्हींत तो पहिल्याच फेरीत हरला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोरेंताँ मुतेकडून तीन सेटमध्ये निसटती हार झाली. पाठीच्या दुखण्याने त्या वर्षी त्याला गाठले. २०२५ च्या सुरुवातीला आदल्या वर्षाचे गुण गळाले आणि तो शंभराबाहेर गेला. त्या वर्षी पुढे दोनशेच्याही पलीकडे. जे एका वर्षात मिळाले ते पुढच्या वर्षी पुन्हा मिळवावे लागते, न मिळाल्यास खाते कोरे, हा नियम त्याच्या बाजूने जितका होता तितकाच विरुद्ध गेला. तरी माझ्या लेखी ही चढण अपयशी नाही. दोन आठवड्यांच्या नशिबावर कोणी पाचशेपलीकडून ६८व्या स्थानावर येत नाही.

फोंड्याच्या एका घरातला प्रश्न

आता गोव्याकडे. फोंड्याचे एक गृहस्थ सरकारी नोकरीत आहेत. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा राज्यात आपल्या वयोगटात चांगला खेळतो. ‘सर, हा पुढे जाईल का?’ असे त्यांनी मला विचारले, तेव्हा ‘पुढे म्हणजे कुठवर?’ असा उलट प्रश्न मी केला. त्यांनी उत्तर दिले नाही, पिशवीतून एक वही काढली. शाळेची दोनशेपानी वही, पट्टीने आखलेले रकाने: प्रवेश शुल्क, कदंब बस किंवा रेल्वे, लॉज, जेवण, चेंडू, स्ट्रिंगिंग. शेवटच्या रकान्याला ‘आजी’ असे नाव होते. मुलाच्या आजीने आपल्या निवृत्तिवेतनातून दिलेले पैसे त्यात लिहिलेले होते, आणि तो रकाना इतर कुठल्याही रकान्यापेक्षा भरलेला होता.

वही पाहिली की गोव्याची अडचण आपोआप समजते. राज्य लहान, वयोगटात तीच ती चार-पाच मुले एकमेकांशी खेळतात, आणि चौदा वर्षांखालच्या गटात एकदा सगळ्यांना हरवले की पुढे शिकायला समोर कोणी उरत नाही. अखिल भारतीय क्रमवारीचे गुण हवे असतील तर टॅलेंट सिरीजपासून नॅशनल सिरीजपर्यंतच्या स्पर्धांसाठी बेळगाव, कोल्हापूर, पुणे, मुंबई, बंगळुरू अशी ये-जा करावी लागते. बेळगाव-कोल्हापूर कदंबने उरकते. पुण्याला वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस बरी पडते. पण पहिल्या दिवशी हरले तरी दोन रात्रींचे भाडे दिलेले असते, वडिलांची रजा गेलेली असते आणि मुलाची शाळा बुडालेली असते. आकडे लहान असले तरी १५६ डॉलरवाल्या खेळाडूचाच हा हिशेब आहे, तेरा वर्षांच्या वयात सुरू झालेला.

यात आपला पाऊस. जूनच्या पहिल्या सरींपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या कोर्टांवर सलग सराव होत नाही. आठवडाभर पाऊस लागला की हिरव्या सिंथेटिक कोर्टवर बेसलाइनच्या मागे शेवाळ धरते. ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशाने ते घासून काढावे लागते, आणि तेवढ्यात पुन्हा सर येते. ओल्या कोर्टवर पडलेला चेंडू पाणी पितो, जड होतो, आणि अशा चेंडूवर जोर काढत राहिले की मुलांचे कोपर आणि खांदे दुखू लागतात. कितीतरी मुले पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीवर, पडवीच्या आडोशाला चेंडू मारत बसतात. जर्मनीत हिवाळ्यात बर्फ पडतो म्हणून तिथले क्लब छताखालची कोर्टे बांधतात. आपल्याकडे वर्षाचा तिसरा हिस्सा पाऊस ठरलेला असून छताखालच्या कोर्टाला आपण अजूनही चैन समजतो. राज्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरल्या, त्यानिमित्ताने मैदानांवर खर्च झाला, हे चांगलेच. पण खेळाडू घडवणारी मैदाने जुलैमध्येही चालू असावी लागतात.

गृहस्थांना मी नागलचे प्रकरण याच क्रमाने सांगितले. त्यांचे म्हणणे असे पडले की नागलला दहाव्या वर्षी भूपती भेटला, आमच्याकडे कोण भेटणार? प्रश्न रास्त होता. गोव्यात खाण व्यवसायातल्या घराण्यांनी फुटबॉलला पिढ्यान्‌पिढ्या आधार दिला. टेनिसला असा आश्रयदाता क्वचितच मिळाला, आणि एका मुलावर दहा वर्षे पैसे लावण्याइतका धीर धरणारा तर नाहीच. तरीही मी त्यांना सांगितले की हे प्रकरण भूपतीवर संपत नाही. भूपतीची योजना दोन वर्षांत बंद पडली होती; त्यानंतर एकेका टप्प्यावर निराळ्या माणसाने किंवा संस्थेने थोडा थोडा भार घेतला. सगळे पैसे एकाने देण्याची गरज नव्हती, पण कोणत्याही वर्षी देणारा कोणीच नाही अशी वेळ आली की खेळ थांबत होता, आणि जानेवारी २०२३ मध्ये तो जवळजवळ थांबलाच होता.

दुसरी वाट मी त्यांच्यापुढे ठेवली ती सोमदेव देववर्मनची. तो अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकला, २००७ आणि २००८ मध्ये तिथली विद्यापीठांची राष्ट्रीय एकेरी स्पर्धा लागोपाठ दोनदा जिंकला, पदवी घेऊन २००८ मध्ये व्यावसायिक झाला आणि २०११ मध्ये ६२व्या क्रमांकावर पोचला, म्हणजे नागलच्या सर्वोच्च स्थानाहूनही वर. अठरा ते बावीस ही जी वर्षे नागलने सहा डॉलरच्या पाकिटावर काढली, ती सोमदेवने वसतिगृह, प्रशिक्षक, फिजिओ आणि छताखालची कोर्टे असलेल्या विद्यापीठात काढली. अशा विद्यापीठाच्या खेळाडू शिष्यवृत्तीसाठी शाळेचे गुण लागतात, इंग्रजी परीक्षा लागते, आणि खेळाची आंतरराष्ट्रीय नोंद लागते. पण यांतली पहिली दोन गोव्यातल्या मुलाच्या आवाक्याबाहेरची नाहीत. या वाटेला आपल्याकडे कमी लेखतात, ‘शिक्षणाच्या मागे लागला म्हणजे खेळ सोडला’ असे समजतात. मला ते मुळीच पटत नाही. एकेरीत क्रमवारीवर वर चढायला लागणारा वेळ पाहता, कोणाच्या तरी खर्चाने चार वर्षे खेळायला मिळणे ही या खेळातली सर्वांत मोठी मदत आहे.

वहीचे काय झाले, तेही सांगतो. गृहस्थांनी त्या पावसाळ्यात बाहेरगावच्या स्पर्धा कमी केल्या. बेळगाव आणि कोल्हापूरच्या ठेवल्या, बंगळुरूच्या काढल्या. वाचलेल्या पैशांतून मुलाला उन्हाळी सुट्टीत पुण्याला सरावासाठी ठेवायचे ठरले, जिथे त्याच्याहून वरचढ मुले समोर येतील. दहावीपर्यंत शाळा सोडायची नाही, यावर आई ठाम राहिली आणि मी तिच्या बाजूने बोललो. आजीचा रकाना त्यांनी अजून बंद केलेला नाही, पण त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखला आहे. त्यावर ‘१८ नंतर’ असे लिहिले आहे, आणि त्यात अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांची नावे, त्यांच्या परीक्षांच्या तारखा आणि फोंड्यातल्या एका सहकारी पतसंस्थेच्या शैक्षणिक कर्जाचा व्याजदर मुलाच्या बहिणीने शोधून लिहून ठेवला आहे.